जी आणि ए वगळून

लूथरन चर्चच्या तळघरात, गुरुवारी सात वाजता,
फोमच्या गाद्या अंथरलेल्या टेबलांमागे
आम्ही अकरा जण उभे राहायचो, पांढरे हातमोजे घालून.
प्रत्येकाच्या वाट्याला दोन हातघंटा, म्हणजे दोनच सूर.
उरलेलं गाणं शेजाऱ्यांचं.
माझ्याकडे सगळ्यात खालचे दोन,
अख्ख्या पानात सहा वेळा वाजायचे.
बाकी वेळ मी मोजत राहायचो.

मधल्या जी आणि ए लव्हॉनच्या.
मागच्या ऑक्टोबरात तिनं हातमोजे धुऊन, इस्त्री करून परत दिले,
म्हणाली, आता बर्फ उपसणं होत नाही,
आणि लेकीकडे गेली, टूसॉनला.
आर्डिस काही बोलली नाही.
एकतीस वर्षं शेजारी उभ्या होत्या दोघी.
निरोपाचा केक कापायच्या वेळी
ती कॉफीचं भांडं घासत होती, घासून झालेलं.

मग तळं गोठल्यापासून ते फुटेपर्यंत
आर्डिस लिहीत बसली.
दहा जणांसाठी तुकडा. जी नाही, ए नाही.
सूर तिथवर यायचा, थांबायचा,
आणि पायरी तुटलेल्या जिन्यावर माणूस जसा
सवयीनं पाय लांब टाकतो, तसा पुढे जायचा.

प्रकाशकांचं पत्र आलं, सभ्य, दीड परिच्छेदाचं:
तेविसाव्या खणात चाल तुटते.
दोन सूर भरून द्या, मग विचार करू.
आर्डिसनं त्या पत्राच्या पाठीवर वाणसामानाची यादी केली
आणि मला फोन लावला:
तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना?

मला कळत होतं ते हार्डवेअरच्या दुकानातल्या बिलांपुरतं.
तरी शिकलो. तिच्या स्वयंपाकघरात, तीन रविवार.
पेन्सिलीतले ठिपके पडद्यावर चढवले,
घंटा घुमू द्यायची कुठे, खांद्याला टेकवून मिटवायची कुठे,
एकेक खूण तपासली तिनं, भिंग लावून.
मुखपृष्ठावर काय? काही नको, म्हणाली. नाव घाल.
नाव काय? दहांसाठी.
किंमत साडेचार डॉलर, एकदा घ्या, गटापुरत्या प्रती काढा.
फाइल चढली तेव्हा तिनं विचारलं,
आता कुठे आहे ती?
मी छताकडे बोट दाखवलं. दुसरं काय दाखवणार?

आठवडाभर काहीच नाही.
मग साउथ डकोटा. मग ओंटारिओतलं एक गाव,
त्यांनी लिहिलं: आमच्याही त्याच दोन जागा रिकाम्या आहेत,
तुम्हाला कसं कळलं?
मग आयोवा, मग कुठली तरी मुलींची शाळा.
जगात किती टेबलांवर एकेक पान कमी मांडलं जातंय,
हे आम्हाला त्या यादीतून समजत गेलं.

खरेदीदाराचं नाव प्रत्येक पानाच्या तळाशी आपोआप छापलं जातं.
बाराव्या ऑर्डरला मी ते वाचलं, पुन्हा वाचलं.
लव्हॉन ट्वेट, टूसॉन.
वाजवणारे: एक.

जिच्याकडे घंटा नाहीत,
आणि असत्या तरी ज्यात तिच्या वाट्याचा एकही ठिपका नाही,
ते गाणं.

दोन दिवस मी गप्प राहिलो.
गुरुवारी आर्डिस लव्हॉनच्या घंटा पुसत होती,
दर महिन्याला पुसते, मखमलीत परत ठेवते,
तेव्हा सांगून टाकलं.

तिनं फडकं थांबवलं नाही.
तिकडे फार ऊन, म्हणाली.
उन्हात कांसं सुराला किंचित उतरतं.
मग बऱ्याच वेळानं:
पैसे पूर्ण भरले?
पूर्ण. साडेचार.

मूर्ख बाई, आर्डिस म्हणाली,
मी फुकट पाठवलं असतं.
आणि ए उजेडात धरून
काठावरचा एक डाग शोधत राहिली,
जो मला काही दिसला नाही.